आमच्या वर्षाराणीला तिळं झालं

चोरी झाली ती वातींची, त्यामुळं पोलिसांत जायची सोय न्हवती. जाऊन सांगणार काय? सायेब, माझ्या अडीचशे वाती गेल्या?

मी महादेवाला लाख वाती बोललतो. त्रिपुरी पौर्णिमेला लावायच्या. कशासाठी बोललतो ते विचारू नका, गुडघ्याचं काम हुतं, ते झालं. शिवरात्रीपासनं रोज दुपारी गच्चीवर कापूस घेऊन बसायचं, तळहातावर वाती वळायच्या आणि शंभराची जुडी बांधून पत्र्याच्या डब्यात टाकायची. (आणि हे 'बोललतो, गेलतो' वाचून पुण्याच्या लोकांनी नाक मुरडायचं न्हाई. आमच्या कोल्हापुरात बायकासुदा येतो-जातोच म्हणत्यात. येते-जाते म्हणणारी बाई दिसली की आमास्नी वाटतं, पावणी दिसतीय.)

तर डब्यातल्या वाती कमी व्हायला लागल्या. माझा संशय थेट शेजारच्या झुंबरबाईवर. तिची गच्ची आमच्या गच्चीला चिकटून, आणि तिच्या तुळशीपुढचा दिवा हल्ली जरा जास्तच उजेड पाडत हुता. एक दिवस मी कठड्यावरनं नुसतं एवढंच म्हटलं, "काय झुंबरबाई, कापूस स्वस्त झालाय वाटतं." त्यावर तिनं अकरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निवांत अकरा दिवस.

बाराव्या दिवशी आमच्या मालकांनी, म्हंजे अण्णासोंनी, सोलरचं पाणी गार येतंय म्हणून मेकॅनिक बोलावला. त्यानं टाकीच्या मागचा फोम उचकटला आणि 'आई गं' म्हणून मागं सरला. आत माझ्या वाती! गोल, मऊ, नीट रचून केल्यालं घरटं, आणि त्यात खारीची तीन पिल्लं. गुलाबी, डोळं मिटल्यालं, वालाच्या शेंगेएवढी, आणि पाठीवर पेन्सिलनं आखल्यागत तीन-तीन पट्ट्या. त्यांची आई सकाळीच गल्लीतल्या बोक्यानं नेलती. शेपूट तेवढी जिन्यावर पडलीती. मी ती चष्म्याबिगर उंदराची समजून झाडून टाकलीती. ह्याचं मला अजून वाईट वाटतंय.

मी कठड्यावरनं हाक मारली, "झुंबरबाई, चोर घावला गं!"

ती आली, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वाती ह्या खारीनं न्यायच्या, आणि नाव माझं व्हय?"

मी माफी मागितली. म्हंजे मागायला तोंड उघडलं, पण मधेच पिल्लू चिरकलं आणि ऱ्हाऊन गेलं.

अण्णासो म्हणाले, "हाय तसं परत ठेव. निसर्ग बघून घेतोय."

"निसर्गच आलता की हो," मी म्हटलं, "बोक्याच्या रूपानं."

अण्णासोंच्या थंडीच्या माकडटोपीत मी तिघांस्नी घातलं आणि खाली आलो. इथनं सल्ले सुरू झाले. पयला सल्ला आकाराम वस्तादांचा. आमच्या मागच्या बाजूला तालीम हाय, तिचे हे वस्ताद. वस्तादांनी आयुष्यात एकाच जातीचा जीव वाढवलाय, पैलवान. त्यांनी टोपीत वाकून धाकट्याची मान दोन बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "मान बारीक हाय. खुराक पायजे." आणि सायकल मारून गेले ते दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून, फेसासकट तांब्या घेऊन आले.

आता ही चूक दुसऱ्या गावात झालीच नसती. पण आमच्या गावात माणूस जन्मला की म्हशीचं दूध, आजारी पडला की म्हशीचं दूध, कुस्ती हरला की दूध आणि जिंकला की बादलीनं दूध. मला वाटलं, बरोबरच हाय. त्यांच्याच आईनं चोरल्याली वात दुधात बुडवून मी एकेकाच्या तोंडात धरली. प्याली की! वस्ताद मला अव्वा, म्हंजे आई, म्हणत्यात. म्हणाले, "महिन्याभरात तयार करतो बघा अव्वा."

दिवस मावळायच्या आत तिघांची पोटं ढोलक्यागत तटतटली. धाकटं तर पातळ करून करून पार चिंधीगत पडलं.

जनावरांचे डॉक्टर धैर्यशील दोन गल्ल्या सोडून हायत. मी टोपी छातीशी धरून तिथवर गेलो. डॉक्टरांनी तांब्याची गोष्ट ऐकली आणि चष्मा काढून डोळं चोळलं.

"आज्जी, ही खार हाय. तिला कुणाशी कुस्ती लढायची न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी ध्यानात ठेवलं, लिहून घेतलं न्हाई, कारण चष्मा घरी. म्हशीचं दूध बंद. आधी मीठ-साखरेचं कोमट पाणी, थेंबथेंब. कुत्र्याच्या पिल्लांच्या दुधाची पावडर मागवतो, पण यायला आठवडा लागंल, तवर शेळीचं दूध पाणी घालून. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून जवळ ठेवायची. आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या कापसानं खालनं पुसायचं, कारण आईनं चाटल्याबिगर ह्यांस्नी मुतायचं कळत न्हाई.

"आणि रोज वजन करायचं, ग्रॅममध्ये. मोठी दोघं तगतील. धाकटं बारा ग्रॅमचं हाय. ते दहाच्या खाली आलं तर..." ते टोपीच नीट करत बसले. मग म्हणाले, "वनखात्याला कळवा. रानातला जीव हाय, पाळायचा न्हाई. वाढवायचा आणि सोडायचा."

आता वनखात्याचं. मी फोन लावला. पलीकडनं एक पोरगं आदबीनं म्हणालं, "कोण, शांतव्वा आज्जी? रंकाळ्यावर बिबट्या दिसला म्हणून तुमीच कळवलंता न्हवं?"

"व्हय, पण धुकं हुतं."

"कुत्रं निघालं आज्जी ते. आणि त्याआधी विहिरीत मगर?"

"ती मोटर हुती. पण बाबा, हालत हुती."

"फोटो पाठवा," ते म्हणालं. मी पाठवला. लगेच उत्तर आलं, "आज्जी, हा तुमचा अंगठा हाय." शेवटी सुनेनं, वर्षाराणीनं, शाळेतनं आल्यावर नीट फोटो पाठवला, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली, तवा कुठं माझ्या शब्दाला वजन आलं. सोडायच्या दिवशी आमी येतो म्हणालं. भलं पोरगं. चूक त्याची न्हवती, माझ्या बिबट्याची हुती.

राहिलं शेळीचं दूध. शेळ्या बयाबाईकडं, पंचगंगेच्या वाटेवर. पण बयाबाईचा कायदा कडक. शेळीचं दूध फक्त तान्ह्या पोराला आणि दम्याच्या म्हाताऱ्याला. बाकी कुणी मागितलं तर ती त्याच्या अंगावर शेळी सोडती.

"कुणाला पायजे?" तिनं विचारलं.

महादेवाशपथ, मी खरंच सांगणार हुतो. खार म्हणायला तोंड उघडलंसुदा. पण तिच्या हातात काठी हुती, आणि माझ्या जिभेला खऱ्याची सवय न्हाई.

"आमच्या वर्षाराणीला तिळं झालं," मी म्हटलं.

"अगं बया! कवा?"

"आज पहाटं."

"परवा तर स्कूटरवरनं शाळेत जाताना दिसली की मला!"

"अंगानं बारीक हाय ती. कळून येत न्हाई."

"पण तिचं पोरगं इंजिनेरिंगला हाय न्हवं?"

"त्यालाच भावंडं झाली."

"आणि दूध?"

"येईना गं तिला," मी म्हटलं, आणि पदर डोळ्याला लावला. पदर लावायची काय गरज हुती? पण एकदा गोष्ट सुरू झाली की माझा हात आपोआप चालतो.

आयुष्यभर मी बिबट्या सांगितला, मगर सांगितली, लग्नात माझ्या वऱ्हाडात हत्ती हुता म्हणून सांगितलं. कुणी इश्वास ठेवला न्हाई. आणि ही एक थाप बयाबाईच्या काळजात गेली. तिनं शेळीला लुचत असल्यालं करडू ओढून बाजूला बांधलं. करडू ओरडायला लागलं. तिनं वाटी भरली, आणि मी कनवटीला हात घातला तर म्हणाली, "तान्ह्याच्या दुधाचं काय घेत नसत्यात." मला तिथंच लाज वाटायला पायजे हुती. पण वाटी भरल्याली बघितली आणि मी ह्या गुडघ्यानं पळत सुटलो.

आता वजन. घरचा काटा पावशेराच्या खाली बोलत न्हाई. ग्रॅममध्ये बोलणारा काटा गावात एकाच जागी, गुजरीत, सोनाराकडं. सोमशेखर सराफ आमच्या नात्यातले. मी टोपी घेऊन गेलो तवा लग्नाचं गिऱ्हाईक बसलंतं, नवरीच्या साजाचं वजन चाललंतं. साज उतरला आणि ताटलीत मी धाकटं ठेवलं. नवरीची आई किंचाळली. सोमशेखर मात्र जातिवंत सराफ. त्यांनी काचेचं झाकण लावलं, आकडा थांबू दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "अकरा ग्रॅम सहाशे मिली." (सराफांचं मिली म्हंजे मिलिग्रॅम.) तेवढ्यात धाकट्यानं ताटलीत पातळ केलं. पुन्हा आकडा बघितला आणि म्हणाले, "अव्वा, दोनशे मिली घट धरावी लागंल."

रोज सकाळी ही वारी. मोठी दोघं वाढत चालली, सोळा, सतरा, अठरा. धाकटं अकरा, साडेदहा, दहा तीनशे. मी घरात कुणाला आकडा सांगितला न्हाई. उलट अण्णासोंस्नी सांगितलं, "एका दिवसात दुप्पट झालं, सराफ म्हणाले असला जीव बघितला न्हाई." ते म्हणाले, "व्हय का?" आणि पेपर वाचायला लागले.

पाचव्या दिवशी आकडा आला नऊ ग्रॅम आठशे. सोमशेखरनी काटा पुसून पुन्हा लावला. पुन्हा नऊ आठशेच.

त्याच दिवशी दुपारी मी झोपाळ्यावर टोपी मांडीवर घेऊन बसलतो. दार वाजलं. उघडलं तर बयाबाई, हातात सूप. सुपात बाळंतविडा! तीन टोपडी, तीन झबली, डिंकाचं लाडू, बाळंतशेपा, काजळाची डबी. तिच्या मागं गल्लीतल्या आठ-नऊ बायका. कारण दिवस पाचवा हुता, आणि पाचवी पुजायला बायका न बोलावता येत्यात हे मी, तीन पाचव्या बघितल्याली बाई, साफ इसरून गेलतो.

आणि सगळ्यात पुढं कोण? झुंबरबाई! जिनं पिल्लं माझ्याबरोबर गच्चीवर डोळ्यांनी बघितलीती! मी तिच्याकडं बघितलं. ती गालातल्या गालात हसली आणि म्हणाली, "चला की आत, बाळं बघू." पाच दिवस तिला सगळं म्हायती हुतं आणि तिनं हूं का चूं केलं न्हवतं. वातीची चोर ठरवल्याचा असला गोड सूड मी उभ्या जन्मात बघितला न्हाई.

शेवटी आत शिरली दानेश्वरी, आमच्या भागातली आशाताई. काखेत रजिस्टर, खांद्यावर तान्ही पोरं टांगून मोजायचा झोळीचा काटा.

"आज्जी, एक न्हाई, दोन न्हाई, तीन बाळं, आणि माझ्या रजिस्टरात बाईचं नावसुदा न्हाई! नऊ महिने काय केलं तुमी? दवाखाना कुठला? कार्ड कुठाय? डोस दिला का? वरनं मला फाडून खातील."

"देतो की. बस तर आधी."

"बाळंतीण कुठाय?"

"आत झोपलीय."

तेवढ्यात फाटकात स्कूटर थांबली. बाळंतीण आत आली. डोक्यावर हेल्मेट, एका खांद्यावर शाळेची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर दहा किलो ज्वारी. ज्वारी तिनं धप्पकन खाली टाकली आणि चोहीकडं बघितलं.

"काय हाय आज? कुणाचं बारसं?"

बयाबाईची नजर वर्षाराणीच्या पोटावरनं ज्वारीवर आणि ज्वारीवरनं माझ्यावर आली.

"असं व्हय," वर्षाराणी हेल्मेट काढत म्हणाली. तिची नजर टोपड्यांवर गेलती. "आज मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून पेढं मागितलं. आणि म्हणाल्या, रजेचा अर्ज आधी द्यायचा असतोय, बाळंत झाल्यावर न्हाई. मला वाटलं त्यांचं डोकं फिरलंय. अव्वा, तुमी केलंय हे."

मी टोपी उघडली.

बायका वाकल्या. कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी, मग सगळ्याच. झुंबरबाई तर भिंतीला टेकून डोळं पुसत हुती. हसली न्हाई ती बयाबाई.

"शांतव्वा," ती म्हणाली, "पाच दिस मी माझ्या करडाला दाव्याला बांधलं. ते ओरडायचं. मी त्याला म्हणायचो, गप रं, तान्ह्या बाळांचं हाय, तुझ्यापेक्षा बारकी हायत ती."

माझा पदर डोळ्याकडं गेलता, तो मी परत खाली सोडला. बयाबाईनं सूप खाली ठेवलं आणि दाराकडं वळली.

"बयाबाई," मी म्हटलं, "बारीक तेवढं खरंच हायत गं. धाकटं आज दहाच्या खाली आलं. घरात कुणाला सांगितलं न्हाई मी. दूध चुकीचं मीच पाजलं पयल्या दिवशी."

आवाज माझा न्हवताच तो. अण्णासोंनी पेपर खाली ठेवला.

बयाबाई परत आली. टोपीत हात घातला आणि धाकट्याला उचललं. "गार पडलंय की गं हे! शेळीचं करडूबी असं गार पडलं की दूध लागत न्हाई त्याला. आधी ऊब, मग दूध. बघती काय? पाणी तापव!" हे मला न्हवं, झुंबरबाईला. आणि झुंबरबाई पळाली. बयाबाई भिंतीला टेकून बसली, पिल्लू गळ्याशी धरलं, वरनं पदर घेतला. गरम पाण्याची पिशवी आली. दानेश्वरीनं रजिस्टर बाजूला ठेवून मीठ-साखरेचं पाणी केलं, चमच्यानं मोजून, तिचं कामच ते. वर्षाराणी ओला कापूस घेऊन गुडघ्यावर बसली. डझनभर बायका आणि एक अण्णासो बयाबाईच्या पदराकडं डोळं लावून बसले. वस्ताद खिडकीत येऊन उभे ऱ्हायले. म्हशीच्या तांब्यापासनं ते आत यायला लाजत हुते.

अर्धा तास गेला असंल. बयाबाईच्या पदराआडनं 'चिर्र' झालं. वर्षाराणीनं कापूस लावला.

"मुतलं!" बयाबाई ओरडली. "माझ्या चोळीवर मुतलं!"

अशा टाळ्या पडल्या की खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात पडत न्हाईत. खिडकीतनं वस्ताद ओरडले, "कोण जिंकलं?"

मग पाचवी झाली. आता एवढ्या बायका आल्याल्या, सूप आल्यालं, परत कसं न्यायचं? पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, डिंकाचं लाडू वर्षाराणीलाच खायला लावलं. "खा," म्हणाल्या, "तुला न झाल्याली का असंनात, तीन हायत." दानेश्वरीनं रजिस्टरात काही लिहिलं न्हाई. पण काटा गुंडाळताना म्हणाली, "आज्जी, पुढच्या सोमवारी बघायला येतो. बोका बांधा."

बयाबाई जाताना म्हणाली, "उद्यापासनं दूध मीच आणतो. करडाचं पोट भरल्यावर उरंल तेवढं. तुझ्या तोंडावर माझा भरवसा न्हाई." आणि पावडर आली तरी ती येतच राहिली.

त्या तीन टोपड्यांचे तीन पाळणे झाले. गुजरीत आकडा चढत गेला. धाकट्यानं वीस गाठलं त्या दिवशी सोमशेखरनी दुकानातल्या सगळ्यांस्नी चहा पाजला. डोळं उघडलं, शेपट्या फुगल्या, पिंजऱ्यातनं अण्णासोंच्या पेपरच्या चिंध्या झाल्या. धाकटी निघाली मादी, आणि तिच्या शेपटीचं टोक जरा वाकडं. उन्हाळ्यात वनखात्याचं ते पोरगं आलं, तालमीमागच्या जांभळीखाली पिंजरा उघडला. मोठी दोघं सुसाट गेली, वळूनसुदा बघितलं न्हाई. धाकटी आधी बयाबाईच्या खांद्यावर चढली, तिथं जरा बसली, मग खोडावर उडी मारली. बयाबाई म्हणाली, "माझी शेळी बरी. निदान वळखती." आणि नाक पुसलं.

मी त्या दिवशी सगळ्यांस्नी नावं घेऊन घरी जेवायला बोलावलं. वस्तादांस्नीसुदा. झुंबरबाईची माफी मागितली, ह्या वेळी पुरती, साक्षीदारांसमोर. ती म्हणाली, "असू दे. पण अकरा दिस मलाबी निवांत गेले हुते."

त्यानंतर बयाबाई दुपारची वाती वळायला माझ्याकडं येती. कार्तिक लागला. त्रिपुरीला चार दिवस राहिले आणि डब्यातल्या वाती पुन्हा कमी. मी झुंबरबाईचं नाव घेतलं न्हाई. डब्यावर नजर ठेवून बसलो. थोड्या वेळानं कठड्यावर ती आली. शेपटीचं वाकडं टोक वर, माझ्या डोळ्यादेखत डब्यात शिरली, एक जुडी सोडवली, वात दोन हातांनी घडी करून तोंडात धरली आणि सोलरच्या मागं गेली.

"हाकल की तिला!" बयाबाई म्हणाली. "लाख भरायच्यात न्हवं?"

मी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

त्रिपुरीला देवळात वाती लावल्या तवा झुंबरबाईनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "पुऱ्या लाख हायत न्हवं गं शांतव्वा?"

"पुऱ्या," मी म्हटलं. आणि महादेवाला हळूच सांगितलं, दोनशे आमच्या गच्चीवर हायत, तिथनं मोजून घे.

अण्णासोंची अंघोळ हल्ली गार पाण्यानं चालती. मेकॅनिक दोनदा येऊन परत गेला. मी त्याला दारातच सांगितलं, महिनाभर यायचं न्हाई, आत बाळंतीण हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग अण्णासोंकडं. अण्णासोंनी पेपरमागनं मान हलवली.

"खरं हाय बाबा," ते म्हणाले. "ह्या वेळी खरं सांगतीय ती."